आकड्यांचा ताळा



जुन्या पेढीवर हिशेबाची एक शिस्त असे. दिवसभरात जे घडले ते घडल्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे. रोजकीर्दीवरून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी होई आणि वर्षअखेर ताळेबंद मांडला जाई. नोंद, वर्गवारी आणि अर्थ अशा या तीन पायऱ्या होत. आधुनिक कंपन्यांत ज्याला डेटा व्यवस्थापन म्हणतात, त्याचा सांगाडाही हाच आहे. पालटले आहे ते आकारमान आणि वेग. पूर्वी झालेला व्यवहार तेवढा नोंदला जाई. आता ग्राहकाने कोणती वस्तू पाहिली आणि न घेताच तो परतला, हेही नोंदले जाते.

या पालटाचे भारतातील प्रमुख केंद्र म्हणजे बेंगळुरू. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे असलेले हे शहर विसाव्या शतकात संगणकाचे शहर झाले. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये तेथे गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे आपले केंद्र उघडले. आणि २००७ मध्ये तेथेच, आरंभी केवळ पुस्तके विकणारी, फ्लिपकार्ट जन्मास आली.

याच कंपनीच्या इतिहासातील एक दिवस बोधप्रद आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ हा महाविक्रीचा दिवस योजला. दहा तासांत सुमारे सहाशे कोटी रुपयांची विक्री झाल्याचे जाहीर झाले. आकडा डोळे दिपवणारा होता. तथापि दुसऱ्याच दिवशी सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना पत्र पाठवून दिलगिरी व्यक्त केली. किमती बदलल्या, माल क्षणार्धात संपला, मागण्या रद्द झाल्या, संकेतस्थळ कोलमडले, हे सारे त्या पत्रात मान्य केले होते. सुमारे पाच हजार सर्व्हर सज्ज होते, वीसपट गर्दीची तयारी होती. प्रत्यक्ष गर्दी त्याहून अधिक झाली. विक्रीचा आकडा एक गोष्ट सांगत होता आणि रिकाम्या हाताने परतलेला ग्राहक दुसरी. दोन्ही एकाच दिवसाच्या नोंदी होत्या. केवळ पहिली वाचून जो थांबेल, त्याला त्या दिवसाचा अर्थ कळणार नाही.

अर्थ लावण्यातील पहिली अडचण शब्दांची असते. ‘ग्राहक’ कोणाला म्हणावे? विक्री विभाग मागणी नोंदवणाऱ्यास ग्राहक मानतो, हिशेब विभाग पैसे भरणाऱ्यास, तर कोठार विभाग माल पोहोचलेल्यास. वस्तू परत करणारा कोणत्या रकान्यात बसवावा, हा प्रश्न उरतोच. तीन विभागांचे तीन आकडे निघतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून जाणत्या कंपनीत आकडे जमवण्यापूर्वी व्याख्या ठरवल्या जातात.

दुसरी अडचण नावांची. देवनागरीत ‘चौधरी’ एकच. रोमन लिपीत त्याची अनेक रूपे होतात. मराठी माणूस नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहितो. कर्नाटकात पुष्कळदा गावाचे वा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी येते. नोकरीनिमित्त पुण्याहून बेंगळुरूला गेलेली एकच व्यक्ती बँकेत एका रूपाने, विमा कंपनीत दुसऱ्या रूपाने आणि दुकानाच्या नोंदीत तिसऱ्या रूपाने वावरू शकते. यंत्राच्या लेखी त्या तीन व्यक्ती. अशा दुबार नोंदी शोधून एकत्र करणे हे कंटाळवाणे खरे, पण सर्वांत मोलाचे काम. त्यात चूक झाली तर कोणाचे कर्ज अडते, कोणाचा विमा नाकारला जातो.

कारण प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. ते प्रकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क त्याने मान्य केला आहे. डेटा कंपनीच्या कोठारात असला, तरी त्यावरील माणसाचा हक्क सुटत नाही, हे त्याचे सार.

मराठी शाळेत गणित शिकताना उत्तर काढल्यावर ताळा करून पाहण्याची सवय लावली जाते. पेढीवरचा कारकूनही मेळ बसल्याखेरीज वही मिटत नसे. आज बेरीज यंत्र करते आणि ती क्वचितच चुकते. परंतु जे मांडले ते खरे होते काय, जे वगळले ते महत्त्वाचे होते काय आणि निघालेल्या उत्तराचे ओझे कोणाच्या शिरावर पडणार, हा ताळा यंत्राला आपणहून सुचत नाही. या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज ना उद्या अशाच आकड्यांसमोर बसतील. त्यांच्या एका शिक्क्याने कोणाचे तरी काम होईल वा अडेल. शिक्का उमटवण्यापूर्वी ताळा करून पाहण्याइतका धीर त्यांच्यापाशी असावा. साठ वर्षांच्या अध्यापनाचे तेच खरे फलित ठरेल.