रिकामा रकाना



कवीनं सॉफ्टवेअरवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण माझा आजचा विषय खरं तर एक वाक्य आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर 'यात दूध आहे', 'यात शेंगदाणे आहेत' असं छापलेलं असतं. हल्ली अनेक ठिकाणी हे वाक्य कुणी बसून लिहीत नाही. मालाचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर ते आपोआप जुळवतं आणि प्रिंटर छापतो. कुणीच न लिहिलेलं हे वाक्य खरं कसं राहील?

लेबल वाचणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. कुणी उपवासाला चालेल का ते बघतं, जैन शेजारी कांदा-लसूण शोधतात, आमच्या घरात जिलेटिन आहे का ते पाहिलं जातं. पण ज्या मुलाला शेंगदाण्यानं धाप लागते, त्याची आई लेबल वाचते तेव्हा तो आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. म्हणून तर आपल्याकडच्या २०२०च्या लेबलिंग नियमांत आठ गटांची नावं सांगणं सक्तीचं आहे: गव्हासारखी ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट.

आता एखाद्या बचत गटाचा फराळाचा व्यवसाय डोळ्यांसमोर आणा. वाण्याच्या खतावणीत जसं प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान असतं, तसं सॉफ्टवेअरात प्रत्येक कच्च्या मालाचं पान उघडायचं. त्यावर या आठ गटांचे आठ रकाने ठेवायचे. दुसरीकडे पाककृती नोंदवायची. मग नियम घालून द्यायचा: पाककृतीतल्या कुठल्याही एका मालाच्या पानावर दुधापुढे 'आहे' असेल, तर लेबलावर 'यात दूध आहे' हे वाक्य यावं. नियम एकदाच लिहायचा, पुढची हजार लेबलं तोच लिहितो. तयार झाल्याच्या तारखेत टिकण्याचे दिवस मिळवून एक्सपायरीची तारीखही तसाच काढतो.

इथवर सगळं सोपं आहे. आता पोह्यांचा चिवडा घ्या. पोहे, शेंगदाणे, डाळं, तेल, मिरची, हळद, मीठ, हिंग. यात गहू कुठं दिसतो? कुठंच नाही. पण डबीतला बाजारचा हिंग बहुधा निव्वळ हिंग नसतो. डिंक आणि पीठ मिसळून तो बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. सीलिॲक आजार असलेल्या माणसाला गहू मुळीच चालत नाही. हिंगाच्या पानावर गव्हाचा रकाना कुणी भरलाच नाही, तर सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? ते 'यात शेंगदाणे आहेत' एवढंच छापेल आणि गव्हाबद्दल गप्प बसेल.

श्रोतेहो, या गप्प बसण्यातच सगळी गोम आहे. लेबलावर 'यात गहू नाही' असं लिहिलेलं नसलं, तरी वाचणारा त्या मौनाचा अर्थ 'नाही' असाच घेतो. भरणाऱ्यानं मात्र 'नाही' म्हटलेलं नसतं, त्यानं फक्त रकाना रिकामा सोडलेला असतो. म्हणून नुसत्या बरोबरच्या खुणेवर भागवू नये. खूण नाही याचा अर्थ 'नाही' की 'पाहिलंच नाही', हे कळत नाही. प्रत्येक रकान्याला तीन उत्तरं हवीत: आहे, नाही, माहीत नाही. नवं पान उघडलं की सगळीकडे आपोआप 'माहीत नाही' असावं, आणि एका जरी मालापुढे ते उरलं असेल, तर लेबल छापायला सॉफ्टवेअरनं साफ नकार द्यावा. काम अडेल, कुणी कुरकुर करेल. पण मग कुणी तरी हिंगाची डबी हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचेल.

मौनाची किंमत केवढी असते, ते इंग्लंडनं पाहिलं आहे. २०१६ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीनं विमानतळावर पावाचा एक पदार्थ घेतला. पिठातच तीळ मळलेले होते, वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता, कारण दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थाला तेव्हा तशी सक्ती नव्हती. ती मुलगी दगावली. तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला, आणि अशा पदार्थांवरही सगळे घटक छापणं सक्तीचं झालं.

तीळ! आपल्या संक्रांतीचा तीळ. भारतातल्या आठ गटांत तो नाही, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून त्याचा उल्लेख बंधनकारक आहे. तिळगुळाचे लाडू परदेशी धाडणाऱ्यानं नवव्या रकान्याची सोय करावी आणि माल कुठल्या देशात जाणार हेही नियमात घालावं.

आणखी एक पथ्य. पुरवठादार बदलला, की त्या मालाचं पान पुन्हा 'माहीत नाही'वर गेलं पाहिजे. काल तांदळाच्या पिठाचा हिंग येत होता, आज गव्हाच्या पिठाचा आला. नाव तेच, पण माल वेगळा. आणि भाषेचंही पाहा. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, असा नियम आहे. सोबत मराठी छापायला आडकाठी नाही. एकाच नोंदीवरून दोन्ही वाक्यं निघाली, तर त्यांच्यात तफावत पडत नाही.

पाकीट फोडलं जातं तेव्हा विकणारा समोर नसतो. लेबल हीच त्यानं दिलेली जबान असते. उद्या असं सॉफ्टवेअर बसवून घ्याल, तेव्हा बसवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: रकाना रिकामा असला तरी लेबल छापलं जातं का? 'हो' असं उत्तर आलं, तर आधी ते बंद करून घ्या.