ठशावर ठसा



मेळघाटांत धारणीकडील कोरकू स्त्रियांच्या गळ्यांत जुन्या चांदीच्या रुपयांची माळ दिसते. त्या रुपयांवरील बादशहाचें राज्य केव्हांच लयास गेलें. बाजारांत त्याच्या मुद्रेस आतां कोणी विचारीत नाहीं. उरली ती चांदी. नाण्याची धातु निराळी आणि तिला चलन बनविणारी सत्ता निराळी, हा भेद या माळेंत उघड होतो. म्हणूनच ज्यास राज्य उलथावयाचें असतें, त्याचा हात प्रथम नाण्याकडे जातो.

रोम येथें इ. स. पूर्व ४४ मध्यें ज्यूलियस सीझरचा वध झाला. वध करणारांपैकीं ब्रूटस यानें दोन वर्षांनीं पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्यें दास्यमुक्तीची टोपी आणि खालीं वधाची तिथि कोरविली. तें नाणें आज अतिशय दुर्मिळ आहे. पुढें इ. स. १३२ मध्यें बार कोखबा याच्या नेतृत्वाखालीं ज्यू लोकांनीं रोमविरुद्ध बंड उभारलें, तेव्हां त्यांनीं रोमन नाण्यांवरच आपले ठसे मारले. बंड १३५ मध्यें चिरडलें गेलें. नाणीं मात्र राहिलीं.

जवळजवळ त्याच युगांत महाराष्ट्रांतही हें घडलें. क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान यानें सातवाहनांकडून नाशिक-पुण्याकडील प्रदेश हिरावून घेतला होता. गौतमीपुत्र सातकर्णीनें तो परत जिंकला. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं, आणि तीं सर्व नहपानाचीं! एका बाजूस त्याचा चेहरा व ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा मारलेला आहे. शत्रूच्या मुखावर तीन कमानींचा पर्वत व स्वतःचें नांव, आणि पाठीवर उज्जयिनीचें चिन्ह.

यांत केवळ सूड नव्हता. नाणें न वितळवितां त्यावर ठसा मारला कीं काम लवकर होतें, आणि तेंच चलन नव्या राजाची द्वाही घेऊन गांवोगांव फिरूं लागतें. नाशिकच्या लेण्यांतील एका लेखाप्रमाणें, पूर्वीं नहपानाचा जांवई उषवदात याच्या ताब्यांत असलेली जमीनही गौतमीपुत्रानें भिक्षूंना दिली. शेत आणि नाणें या दोहोंवर धनी बदलल्याची खूण झाली.

आश्चर्य असें कीं, पुसूं पाहणाऱ्यानेंच पराभूताचें स्मरण राखलें. अनेक नाण्यांवर नव्या ठशाच्या आडून नहपानाच्या नाकाची रेषा वा नांवाचीं अक्षरें डोकावतात. जेता कोण आणि जित कोण, याची साक्ष एकाच चकतीवर मिळते. इतकी निर्विवाद साक्ष पोथींत क्वचितच सांपडेल.

वऱ्हाडासही हा लाभ झाला आहे. १९३९ सालीं, त्या वेळच्या अकोला जिल्ह्यांतील व आतां वाशीम जिल्ह्यांत असलेल्या तऱ्हाळा येथें सातवाहनांच्या मिश्र धातूच्या नाण्यांचा सांठा निघाला. म. म. वा. वि. मिराशी यांनीं त्यांचा अभ्यास केला, तेव्हां पुराणांच्या यादींत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे उजेडांत आले. तीं नाणीं मुशींत पडलीं असतीं तर हे राजे दुसऱ्यांदा मेले असते.

नांगराच्या फाळाला हंडा लागला कीं सराफाची वाट धरण्याचा मोह होतो. पण १८७८ च्या मूळ कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास वर्दी देणें बंधनकारक आहे. आणि सरकारनें तो घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मोबदला देण्याची तरतूद त्यांत आहे. वितळलेल्या चांदीचें मोल तोळ्यांत होतें. ठसा शाबूत असलेल्या चांदींतून एका राज्याचा अंत आणि दुसऱ्याचा उदय वाचतां येतो.