शस्त्रांचे दालन पाहावयास जाताना



शाळेची सहल म्हणजे अभ्यासाला दिलेली सुटी नव्हे. तो चार भिंतींबाहेर भरविलेला वर्गच होय. मार्कंड्याच्या परिसरातील मुलांना युद्धाचा इतिहास प्रत्यक्ष दाखवावयाचा असेल, तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय हे योग्य ठिकाण आहे. सन १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयास लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. तेथे शस्त्रांचे दालन आहे, तसेच आदिवासी जीवनाचेही आहे. ही दोन्ही दालने एकाच भेटीत पाहावयाची, हे शिक्षकाने आधीच ठरवावे.

तलवार पाहताच मुलांचे डोळे चमकतात. परंतु डोळे चमकले म्हणजे इतिहास समजला असे नाही. कोण लढले, कशासाठी लढले आणि लढाईनंतर सामान्य माणसाचे काय झाले, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वीच प्रत्येकाच्या वहीत लिहिलेले असावेत.

त्यांची उत्तरे शोधता यावीत म्हणून सहलीपूर्वी तीन पाठ घ्यावेत. पहिला, नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईचा. तीत अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा इंग्रजांपुढे पराभव झाला. दुसरा, मे १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतलेल्या चांद्याच्या किल्ल्याचा. तिसरा, बाबुराव शेडमाके यांचा. गोंड व माडिया लोकांना संघटित करून ते इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यास फाशी देण्यात आले. नागपूरचे युद्ध हे दूरच्या राजांचे नव्हते, त्याची झळ याच जंगलापर्यंत पोहोचली, हे या क्रमाने मुलांच्या ध्यानी येते.

प्रवासाची तारीख ठरविताना गावाचे पंचांग पाहावे. धानाची मळणी आटोपलेली असावी. महाशिवरात्रीची जत्रा आणि मोहफुले वेचण्याचे दिवस टाळावेत, अन्यथा गरिबाचे मूलच मागे राहते. जाताना गडचिरोली, नागभीड, उमरेड हा मार्ग धरावा; अंतर मोठे असल्याने मुक्कामाची सोय आधी करावी. कोणती दालने खुली आहेत, साप्ताहिक सुटी कधी असते, हे पत्राने विचारून घ्यावे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो एरवी खुला नसतो. तेव्हा त्याची टेकडी बाहेरूनच दाखवावी. पालकांची लेखी संमती, मुलांची यादी, पिण्याचे पाणी आणि औषधांची पेटी यांत कसूर नसावी.

दालनात सर्व काही पाहण्याचा हट्ट नको. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिचे चित्र काढावे आणि तिच्याविषयी एक प्रश्न लिहावा.

शिक्षकाची खरी कसोटी मात्र आदिवासी दालनात लागते. घरी आढ्याला टांगलेले धनुष्य तेथे काचेआड दिसले की एखादे मूल संकोचते, शेजारचे हसते. त्या क्षणी शिक्षकाने गप्प राहू नये. बाबुरावांची माणसे ज्या राज्यसत्तेपुढे उभी राहिली तिच्यापाशी तोफा होत्या, बंदुका होत्या, हे तेथेच सांगावे. ते धनुष्य कसे बनते, हे त्या संकोचलेल्या मुलालाच इतरांस समजावून सांगू द्यावे. ज्याला आपल्या घरची वस्तू इतिहासाची वाटली, त्याला पुढे पुस्तकातील इतिहास परका वाटत नाही.

परतताना चंद्रपूरमार्गे यावे आणि परकोटाचा जटपुरा दरवाजा दाखवावा. घरी पोहोचल्यावर मुलांनी वडीलधाऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐकून लिहून काढाव्यात. ऐकीव कोणती आणि पुराव्याची कोणती, याची निवड वर्गात व्हावी. मार्कंड्याच्या देवळांतील शिल्पे रोज पाहणाऱ्या मुलांना दगड बोलतो हे ठाऊक आहे. लोखंडाचे बोलणेही त्यांना ऐकू येईल, फक्त ते ऐकावयास शिकविणारा शिक्षक सोबत हवा.