प्रौढांना काम शिकविताना



सकाळच्या वेळी शिवाजी पार्कला एक चक्कर मारली, तर जागोजागी शिकवणे चाललेले दिसते. एकीकडे क्रिकेटच्या जाळ्या लागलेल्या असतात, तर दुसरीकडे समर्थ व्यायाम मंदिरात मुले मल्लखांबावर चढत असतात. याच मैदानावर रमाकांत आचरेकर यांनी खेळाडूंच्या पिढ्या घडविल्या. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, फलंदाज टिकला तर त्याचे, ही त्यांची युक्ती सर्वश्रुत आहे. बारा वर्षांच्या मुलाला ती बरोबर लागू पडते. आणि त्याला चार शब्द रागाने बोलले, तरी दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा जाळीत हजर!

पण याच दादर-परळच्या परिसरात आणखी एक शिकवणे रोज चालते. कचेरीत नवा संगणक येतो, कारखान्यात नवे यंत्र येते, इस्पितळात नवे उपकरण येते. आणि पन्नाशीच्या माणसाला ते शिकविण्याची जबाबदारी कोणावर तरी येऊन पडते. बहुधा जो स्वतः त्या कामात तरबेज, त्याच्यावरच ती पडते. "याला सगळे येते, हाच शिकवील," असे वरिष्ठ म्हणतात. परंतु काम येणे आणि काम शिकविता येणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसरी स्वतंत्रपणे शिकावी लागते. ती कशी शिकावी, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

आमच्या गिरणगावात हे शिकणे पूर्वी कसे होत असे? कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण मामाच्या, काकाच्या नाही तर गाववाल्याच्या ओळखीने गिरणीत शिरे. जॉबरची मर्जी राखायची, बदली म्हणून दाराशी उभे राहायचे, साच्याशेजारी थांबून बघायचे, मधूनच हात लावून पाहायचा. असे करता करता तो विणकर होई. या रीतीत एक मोठा गुण होता. शिकविणारा आणि शिकणारा पुष्कळदा एकाच चाळीतले, एकाच खाणावळीत जेवणारे. दिवसा अडले, तर रात्री विचारता येई. पण दोषही तितकाच मोठा. मामाच्या हाताला जी खोड, तीच भाच्याच्या हाताला लागे. आणि ज्याला मामा नाही, त्याला गुरूही नाही.

प्रौढांना अक्षरे शिकविण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. दिवसभर राबून आलेल्या माणसाची वेळ आणि थकवा लक्षात घेऊन शिकवायचे, हा धडा या मंडळींनी घालून दिला. हातातले काम शिकविण्याचे शास्त्र मात्र बरेच नंतर आले.

ते आले अमेरिकेतून. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जहाजे बांधणाऱ्या कारखान्यांत हजारो नवखे लोक भरती झाले, तेव्हा चार्ल्स ॲलन या शिक्षकाने शिकविण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने त्यांच्याच आधारे कारखान्यांतील मुकादमांसाठी एक छोटा अभ्यासक्रम आखला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, बस्स! १९५० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ही पद्धत भारतात आली आणि मुंबई-अहमदाबादच्या कापडगिरण्यांपर्यंत पोचली.

या अभ्यासक्रमातला एक प्रयोग फार बोधप्रद आहे. विजेच्या वायरीच्या दोन पदरांना मारावयाची एक विशिष्ट गाठ असते. शिक्षक प्रथम ती नुसती तोंडाने सांगतो: डावा पदर असा घ्या, उजवा तसा घ्या, या फासातून काढा. समोरच्याला काही गाठ मारता येत नाही. मग शिक्षक एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवितो. तरीही ती जमत नाही. तिसऱ्या खेपेस तो टप्प्याटप्प्याने दाखवितो आणि प्रत्येक टप्प्याचे मर्म सांगतो, आणि तोच माणूस गाठ मारू लागतो! हात तेच, वायर तीच. बदलले ते फक्त शिकवणे. म्हणजे शिकणाऱ्याला आले नाही, तर त्याच्या डोक्याला दोष देण्यापूर्वी आपली शिकविण्याची रीत तपासावी.

त्या चार पायऱ्या अशा. पहिली, माणसाला तयार करणे: त्याच्या मनातली धास्ती घालवायची, आणि या कामातले त्याला आधीच काय येते ते विचारायचे. दुसरी, काम दाखविणे: एका वेळी पेलवेल तेवढेच. तिसरी, त्याच्याकडून करवून घेणे, आणि करता करता प्रत्येक टप्प्याचे मर्म त्याच्याच तोंडून वदवून घेणे. चौथी, त्याला स्वतंत्रपणे काम करू देणे. अडले तर कोणाला विचारायचे ते सांगून ठेवणे, आणि अधूनमधून जाऊन पाहणे.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अवघड पहिली पायरी आहे, आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते. मी दिवसा विशीतल्या मुलांना शिकवितो आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांचा एक वर्ग घेतो. मुलाला समजले नाही, तर तो हसतो, शेजाऱ्याला विचारतो. प्रौढ माणूस गप्प बसतो. "समजले का?" असे विचारले, की "हो" म्हणतो. ते "हो" म्हणजे समजल्याची पावती नव्हे; चारचौघांत आपली अब्रू राखण्याचा तो प्रयत्न असतो. त्याच्या मागे घर असते, मुलांची शिक्षणे असतात, आणि आपण आता निकामी ठरणार की काय, ही भीती असते.

एका कारखान्यातले कोठार सांभाळणारे गृहस्थ या वर्गाला येत. हजारो सुट्या भागांपैकी कोणता कोठे, हे ते डोळे मिटून सांगत. त्यांना संगणकावर नोंदी करावयास शिकविण्यासाठी पंचविशीचा एक मुलगा आला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, अगदी सोपे आहे हो!" मुलाचा हेतू चांगलाच होता. पण हे वाक्य प्रौढाला लागते. सोपे असूनही आपल्याला येत नाही, म्हणजे आपण केवढे मठ्ठ! आठवडाभर काही प्रगती होईना. पुढे त्या मुलानेच शहाणपणा केला. "काका, तुम्ही माल कसा लावता, ते आधी मला दाखवा," असे तो म्हणाला. काकांनी फळ्या दाखविल्या, रकाने दाखविले, कोणता माल कशाशेजारी आणि का, ते सांगितले. मग मुलाने त्याच क्रमाने संगणकातले रकाने उघडून दाखविले. काका म्हणाले, "अहो सर, हे तर माझेच कोठार आहे!" पुढचे शिकवणे चार दिवसांत आटोपले.

प्रौढ कधीही कोरी पाटी घेऊन येत नाही. जे त्याच्याजवळ आहे, त्यालाच नवे जोडावे लागते. हे जोडून देणारा भेटला नाही, तर काय होते? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतल्या हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. वीस-वीस वर्षांचे कसब हातात असलेली माणसे कोठे पहारेकरी झाली, कोठे फेरीवाले. इथल्या कोहिनूर गिरणीच्या जागेवर आज उंच मनोरा उभा आहे. शिकविणारा भेटला असता म्हणजे सगळे प्रश्न सुटले असते, असे मी म्हणत नाही. पण चाळिशीनंतर माणूस शिकत नाही, हे आपण फार सहज बोलतो आणि त्याला मोकळे करून टाकतो.

उत्तम शिक्षक कामगारांतूनच तयार होऊ शकतो, हेही आपल्याकडे दिसून आले आहे. १९५८ साली नागपूर येथे मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. मंडळाचे अधिकारी निवडक कामगारांना शिकवीत, आणि ते कामगार-शिक्षक आपापल्या कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घेत. जो स्वतः त्याच यंत्रावर घाम गाळतो, त्याच्यापुढे "समजले नाही" म्हणावयास लाज वाटत नाही.

तेव्हा ज्यांच्यावर हे काम येईल, त्यांना तीनच गोष्टी सुचवितो. आपले काम आधी कागदावर टप्प्याटप्प्याने लिहून काढा; सरावाने हात जे आपोआप करतो, ते शब्दांत आणताना घाम फुटेल, पण तीच खरी तयारी होय. दुसरे, समोरचा करीत असताना आपले हात पाठीमागे बांधून ठेवा. मध्येच यंत्र हिसकावून घेऊ नका. तिसरे, चूक सांगायची ती एकट्याला, आणि साधले ते सांगायचे चारचौघांत.

मैदानावरच्या मुलापुढे अजून पुष्कळ सामने असतात. आपल्यासमोर बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र आज संध्याकाळी घरी जाऊन "जमतंय मला" एवढे म्हणता यावे, हेच आपल्या शिकवण्याचे माप.