मैदान आणि वर्ग : खेळाडू विद्यार्थ्यांच्या पात्रतेचा प्रश्न



पावसाळ्यात शाळा स्थिरावल्या की नाशिक जिल्ह्यात शालेय क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी ही चढण आहे. १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे स्वतंत्र गट असतात. प्रवेशासाठी वयाचा आणि शाळेत शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमुक इतके गुण मिळालेच पाहिजेत, अशी अट मात्र नाही. ती असावी काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९८४ साली असा कायदा केला. एकाही विषयात शंभरपैकी सत्तराहून कमी गुण मिळाल्यास त्या विद्यार्थ्याला सहा आठवडे स्पर्धेत उतरता येत नसे. पुढे १९९५ साली ही मुदत तीन आठवड्यांवर आणण्यात आली. मैदानाची ओढ मुलांना अभ्यासाकडे वळवील, ही त्यामागची कल्पना. परंतु ज्या मुलाला शाळेत धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे खेळ, त्याच्याकडून तीही काढून घेतली तर तो शाळाच सोडील, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला. दहावी-बारावीच्या खेळाडूंना त्यांच्या स्पर्धेच्या स्तरानुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण देण्याची तरतूद येथे आहे. शाळेचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शिफारशीने विभागीय मंडळाकडे जातो. सरावात आणि प्रवासात गेलेल्या वेळेची ही अंशतः भरपाई होय. तथापि गुण मिळाले म्हणजे विद्या मिळाली असे नव्हे. गैरहजेरीत बुडालेले अपूर्णांक आणि व्याकरण सवलतीने भरून येत नाही. शिवाय खेळ न खेळता केवळ प्रमाणपत्रासाठी धडपडणारे निघाले, तर खऱ्या खेळाडूचाही मान कमी होतो.

यात नेमके काय पणाला लागले आहे, हे जिल्ह्यातील दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडली. २०१० साली तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ मजुरी करीत वाढला. नौकानयनाशी त्याची गाठ पडली ती सैन्यात गेल्यावर. २०१६ साली तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत होता. सैन्यभरतीला शालेय शिक्षणाची अट असते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्धवट सुटलेली शाळा किती दारे बंद करते, हे उमजते.

पदकापर्यंत पोहोचणारे थोडे असतात. उरलेल्यांचे काय? शासनसेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे. पण पदासाठी ठरविलेली शैक्षणिक अर्हता त्यामुळे सुटत नाही. प्रमाणपत्रांची चळत जवळ असूनही केवळ शिक्षण अपुरे राहिल्याने तरुण दाराशीच थांबला, तर तो दोष एकट्या त्याचा म्हणता येणार नाही.

म्हणून अभ्यासाची अट खेळाडूवर लादण्याआधी ती शाळेने स्वतःवर घालून घ्यावी. स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बुडालेल्या पाठांची नोंद वर्गशिक्षकांनी ठेवावी आणि तो परतल्यावर पंधरा दिवसांत ते पाठ पुरे करून द्यावेत. दहावीला लेखी परीक्षेबरोबर अंतर्गत मूल्यमापनाचेही गुण असतात. त्या दिवशी मूल मैदानावर असेल तर दुसरा दिवस आधीच ठरवावा. क्रीडाशिक्षक व विषयशिक्षक यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. सराव पहाटे असल्यास संध्याकाळी अभ्यासिकेची सोय व्हावी.

पंचायत सदस्यांनाही येथे मोठे काम आहे. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागांत मुले दुरून शाळेला येतात. गावातच धावण्याजोगे मैदान असेल आणि समाजमंदिरात रात्री दिवा व दोन बाके असतील, तर मुलाचा वेळ वाचेल. मुलगी स्पर्धेला निघाली की तिच्या घरच्यांना धीर देणे, हेही सदस्यांचेच काम. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव वेळेत जातो की नाही आणि प्रमाणपत्र खरे आहे की नाही, हे शालेय व्यवस्थापन समितीने पाहावे.

नापासाला मैदानाबाहेर काढणे सोपे आहे आणि गुण देऊन पुढे ढकलणे त्याहूनही सोपे. त्याला मैदानावर ठेवून शिकविणे तेवढे अवघड. सावरपाड्यासारख्या पाड्यांवर आज जी मुले धावत आहेत, त्यांच्यासाठी हे अवघड काम शाळेने आणि गावाने मिळून अंगावर घ्यावयास हवे.