ओली जमीन काळी का दिसते?



अकलूज परिसरात पाणी दिलेला उसाचा फड लांबूनच ओळखू येतो. भिजलेल्या सऱ्या काळ्याभोर, शेजारचे कोरडे रान राखाडी. माती तीच, आणि पाण्याला तर स्वतःचा रंग नाही. मग हा काळेपणा येतो कोठून?

कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. हवेचा वक्रीभवनांक सुमारे १, पाण्याचा १.३३ आणि मातीतील खनिजांचा साधारण १.५ च्या आसपास. हा फरक मोठा असला की प्रकाश कणांवरून उसळून मागे येतो व माती फिकट दिसते. पोकळ्यांत पाणी शिरले की फरक घटतो. प्रकाश मागे न फिरता आत आत जातो आणि तेथेच शोषला जातो. शिवाय कणांवरील पाण्याचा पातळ थर बाहेर निघणारा काही प्रकाश पुन्हा आत परतवतो. हे दुसरे कारण स्वीडनच्या आंग्स्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये मांडले. पडताळा घ्यायचा तर धोतराचा कोपरा भिजवा. डाग गडद दिसेल. तोच उन्हाकडे धरला की कोरड्या भागापेक्षा उजळ दिसेल, कारण प्रकाश आरपार जातो.

आता आपल्या कामाचे. रंग पाहून पाण्याची पाळी ठरवू नका. हलक्या सरीनेही वरची बोटभर माती काळी होते, खाली मुळाशी ओल नसते. उलट, माती पुरती काळी झाल्यावर आणखी पाणी दिले तरी रंगात फारसा फरक पडत नाही. वाफसा आणि दलदल डोळ्यांना सारखीच दिसतात! नीरा उजव्या कालव्याखालील भारी जमिनीत अशा जादा पाण्याने क्षार वर येतात. ओल्या मातीत ते विरघळलेले असल्याने दिसत नाहीत. पांढरा थर पाहायचा तो रान सुकल्यावर, वरंब्याच्या माथ्यावर. काही क्षार तर हवेतील ओल ओढून घेतात. सकाळी माती ओलसर, काळपट दिसते, पण ती ओल मुळांच्या उपयोगाची नसते. अशा जागेचा नमुना सामू व क्षारतेसाठी तपासून घ्यावा.

पाणी देण्यापूर्वी वीतभर खोल उकरून मूठभर माती घ्या व दाबा. गोळा झालाच नाही तर पाणी द्या. गोळा होऊन कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, थांबा. चिखल बोटांना चिकटला, तर बारे बंदच ठेवा.