वही घेताना आधी कागद बघा

आज बचतीवर नाही, वहीवर बोलणार आहे. गटाच्या हिशेबाच्या वहीवर.

आमच्या गटात शाईपेनानं लिहायची पद्धत आहे. अक्षर नीट येतं, आणि शाई संपली की बाटलीतून भरता येते, रिकाम्या रिफिली उकिरड्यावर जात नाहीत. मागं एकदा मीच हौसेनं 'पर्यावरणपूरक' छापलेली मातकट रंगाची वही आणली. पहिल्याच बैठकीत शाई फुटली. एका ताईंनी ९०० रुपये हप्ता भरला होता. तो ९ असा फुगला, की १ का ९ कळेना. "म्हणजे मी शंभरच भरले का?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. घरून पावती आणली तेव्हा मिटलं. पण पुढच्या दोन बैठका त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

शाई फुटते कशानं? सुती साडीला आपण खळ देतो ना, तशी कागदालाही देतात. ती शाईला वर धरून ठेवते. खळ कमी पडली, की शाई तंतूतंतूतून पळते. नुसत्या जाडीवर जाऊ नका. टिपकागद काय पातळ असतो? तरी शाई पितोच. वहीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ७० ते ८० असलं तर बरं, पण खात्री पेनानंच करायची.

म्हणून आधी एकच वही घ्या. आपलंच पेन, आपलीच शाई. शेवटच्या पानावर १, ८, ९ लिहा, निब जरा टेकवून एक ठिपका द्या. वाळलं की कडा केसाळ दिसतात का, मागं उतरलंय का, बघा. मागं उतरलं तर एकाच बाजूला लिहावं लागतं, म्हणजे कागद दुप्पट. मग ती वही कसली पर्यावरणाची!

आणि मातकट रंगाला भुलू नका, रंग देताही येतो. पुठ्ठ्याच्या मागं वाचा: कागद रद्दीचा आहे, का उसाच्या चिपाडाचा? लाकडाचा असेल तर झाडाच्या चित्राची एफएससी खूण शोधा. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा नको. पानं चिकटवलेली नकोत, शिवलेली हवीत, नाहीतर वर्षभरात सुटतात.

पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हातकागद होतो. सुती चिंध्यांचा हातकागद झाड न तोडता होतो. मला फार आवडतो. पण बरेचदा तो खरखरीत असतो, निबेत तंतू अडकतात, रेघाही नसतात. मानपत्राला छान, हिशेबाला नको.

नवी वही आणायला त्याच ताईंना नेलं. चिपाडाच्या कागदाची एक वही घेतली, बाकावर बसून त्यांनी ९०० लिहिलं, पान उलटून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आणखी चार घ्या."